तोंडात अंडी सांभाळणारा शिंगाळा



आजच्या भाषणाचा विषय ऐकून नांदगावकडच्या मंडळींना थोडे नवल वाटेल. विषय आहे खाडीतला शिंगाळा. खाडी म्हणजे जिथे नदीचे गोडे पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्यात मिसळते ती जागा. तिथले पाणी धड गोडे नसते, धड खारे नसते. त्याला आपण निमखारे पाणी म्हणतो. आता तुम्ही म्हणाल, नांदगावहून मुंबई रेल्वेने पावणेतीनशे किलोमीटरच्या वर. आमच्या तालुक्यात प्यायच्या पाण्याची ओढाताण, आणि तुम्ही आम्हाला खाडीतल्या माशाच्या गोष्टी काय सांगता? प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्याचेच उत्तर देतो.

नांदगावात लेंडी आणि शाकंबरी या दोन नद्या आहेत. उन्हाळ्यात त्यांच्या पात्रात क्रिकेट खेळता येते आणि पावसाळ्यात एखाद्या रात्री त्या बाजारपेठेत शिरतात, हे नांदगावकरांना सांगायला नको. या ओढ्या-नद्यांचे पाणी जाते गिरणेच्या खोऱ्यात. गिरणा आपल्या नाशिक जिल्ह्यातच सह्याद्रीत उगवते, तुमच्याच तालुक्यातल्या गिरणा धरणात थांबते आणि पुढे जळगाव जिल्ह्यात तापीला मिळते. तापी गुजरातेत शिरते, उकाई आणि काक्रापार इथे अडते, सुरतेवरून जाते आणि खंभातच्या आखातापाशी समुद्राला मिळते. तिथे तिच्या मुखाशी निमखारे पाणी आहे आणि त्या पाण्यात शिंगाळे आहेत. म्हणजे तुमच्या बांधावरून वाहून गेलेला पावसाचा थेंब कुठे अडला नाही, जिरला नाही, तर शेवटी शिंगाळ्याच्या घरी पोचतो.

आपल्या नाशिक जिल्ह्याची गंमत अशी, की त्याचे पाणी निरनिराळ्या वाटांनी समुद्राकडे जाते. गिरणेचे पाणी तापीतून खंभातकडे जाते. त्र्यंबकेश्वराजवळ उगवणारी वैतरणा पश्चिमेला उतरून ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतून अरबी समुद्राला मिळते. आणि त्याच ब्रह्मगिरीवर उगवलेली गोदावरी अख्खा देश ओलांडून बंगालच्या उपसागरात जाते. तीन वाटा, तीन मुखे, आणि तिन्ही मुखांशी शिंगाळ्याच्या कुळातले मासे. शिक्षक मित्रांनी मुलांना एवढे नकाशावर बोट फिरवून दाखवले, तरी भूगोलाचा एक तास सार्थकी लागेल.

आता माशाकडे वळू. शिंगाळा हे एकाच जातीचे नाव नव्हे. कोकणातले कोळी बांधव या कुळातल्या पुष्कळ माशांना सरसकट शिंगाळाच म्हणतात. नाव अगदी नेमके आहे. याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांपाशी एकेक असे तीन टणक काटे असतात, शिंगासारखे. अंगावर खवले नसतात. कातडी गुळगुळीत, बुळबुळीत. डोके हाडाच्या ढालीने मढवलेले, वरून हात फिरवला तर खरखरीत लागते. आणि तोंडाभोवती मिशा. या कुळातले काही मासे मीटरभर लांब होतात. बरेचसे मात्र वीत-दीड वीत भरतात.

यातल्या एका जातीची ओळख जरा नीट करून देतो, कारण तिचे नावच मजेदार आहे. बहुतेक शिंगाळ्यांना मिशांच्या तीन जोड्या असतात. या जातीला एकच जोडी असते, पण ती मऊ लोंबती नाही. ती ताठ, कडक, जवळजवळ हाडासारखी. जणू पीळ दिलेल्या मिशांचा जुना फौजी जमादारच. स्वीडनमधला मोठा शास्त्रज्ञ लिनिअस याने १७५८ साली या माशाला शास्त्रीय नाव दिले, तेव्हा त्यालाही शिपाईच आठवला. त्याने नाव ठेवले मिलिटॅरिस, म्हणजे शिपाईबाण्याचा. पुढे या माशाचा गटच वेगळा धरला गेला आणि त्या गटाला ओस्टिओजेनिओसस असे लांबलचक नाव मिळाले. त्याचा अर्थ इतकाच, की हाडाची दाढी असलेला. हा शिपाई शिंगाळा पाकिस्तानच्या किनाऱ्यापासून आपला सगळा किनारा, पुढे ब्रह्मदेश, मलाया, इंडोनेशिया इथवर उथळ समुद्रात, खाड्यांत आणि भरतीचे पाणी चढते तिथवरच्या नद्यांत राहतो. मुंबईच्या मासळी बाजारात तो फार पूर्वीपासून येतो आहे.

मिशा कशासाठी असतात? शोभेसाठी नव्हेत. खाडीचे पाणी नेहमी गढूळ. भरती आली की चिखल वर येतो, ओहोटी लागली की पुन्हा ढवळतो. अशा पाण्यात डोळ्यांचा उपयोग किती होणार? म्हणून मिशांवर चव ओळखणारे बारीक बारीक बिंदू असतात. आपल्या जिभेवर असतात ना, तसेच. शिंगाळा चिखलावरून जाताना मिशांनी तळ चाचपीत जातो आणि कोळंबी, खेकड्याचे पिल्लू, किडे, शंखशिंपल्यातले जीव हुडकून खातो. म्हणजे त्याची जीभ तोंडाबाहेर आहे म्हणा ना.

दुसरा प्रश्न पाण्याचा. गोड्या पाण्यातला रोहू जर खाऱ्या पाण्यात टाकला तर तो मरतो. मग शिंगाळा कसा टिकतो? याचे उत्तर घरातल्या माउलीला ठाऊक आहे. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवले की त्यांना पाणी सुटते. मिठाने फोडीतले पाणी बाहेर ओढून घेतले. माशाचेही तसेच होते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि माशाच्या अंगातल्या रसात त्याहून पुष्कळ कमी. म्हणून खाऱ्या पाण्यात माशाच्या अंगातले पाणी सारखे बाहेर जाऊ पाहते. तो तहानेला येतो आणि समुद्राचेच पाणी पितो. जास्तीचे मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. गोड्या पाण्यात याच्या अगदी उलट. तिथे बाहेरचे पाणी अंगात शिरते, मग मासा पाणी पीत नाही आणि पातळ मूत्र भरपूर टाकून अंग हलके करतो. एरवीच्या माशाला यातली एकच रीत साधते. खाडीतल्या माशाला दोन्ही याव्या लागतात, कारण खाडीत भरतीला मीठ वाढते, ओहोटीला घटते, आणि पावसाळ्यात नदीला पूर आला की पाणी जवळजवळ गोडेच होऊन जाते. दिवसातून दोनदा ज्याच्या घरचे पाणी बदलते, त्या माशाचा कस काय असेल, याचा विचार करा.

शाळेत हा प्रयोग करून दाखवणे सोपे आहे. बटाट्याच्या दोन सारख्या चकत्या घ्या. एक साध्या पाण्यात ठेवा, दुसरी मिठाच्या दाट पाण्यात. तासा-दोन तासांनी मुलांना हाताने वाकवून पाहू द्या. साध्या पाण्यातली ताठ लागेल आणि मिठातली लुळी पडलेली असेल. यापुढे खाडीतला मासा म्हणजे काय, हे मुले विसरणार नाहीत.

आता आजच्या भाषणाचा जो गाभा, तो सांगतो. शिंगाळ्याचा संसार.

रोहू मासा तुम्हाला ठाऊक आहे. धरणात, तळ्यात त्याचे बीज सोडतात. रोहूची मादी अंडी किती घालते? आपल्या वजनाच्या दर किलोमागे दोन-तीन लाख. अंडी बारीक, पाण्यात सोडली की आई-बापांचा संबंध संपला. त्यातली बहुतेक दुसऱ्या जीवांच्या पोटात जातात, थोडी जगतात. लाखांतून थोडी जगली तरी चालते. हा हिशेब बाजरीच्या कणसासारखा आहे. कणसाला दाणे मोजता येणार नाहीत इतके. चार पाखरांनी खाल्ले, काही मातीत कुजले, तरी पुढच्या सालचे बी शिल्लक उरते.

शिंगाळ्याचे तसे नाही. त्याची अंडी मोजकी, पण केवढी मोठी. सेंटीमीटर ते दीड सेंटीमीटर, म्हणजे गावठी बोराएवढी किंवा पोरांच्या खेळातल्या गोटीएवढी. माशांच्या दुनियेत एवढी मोठी अंडी क्वचितच. मादीने अंडी घातली की नर ती आपल्या तोंडात घेतो. खायला नव्हे, सांभाळायला. तोंड म्हणजे त्याचा पाळणा. श्वासोच्छ्वासासाठी जे पाणी तोंडातून कल्ल्यांकडे जाते, तेच पाणी अंड्यांवरून फिरते आणि त्यांना ताजी हवा मिळते. अंडी फुटून पिल्ले बाहेर आली तरी तो त्यांना लगेच सोडत नाही. पिल्लांच्या पोटाला पिवळ्या बलकाची शिदोरी बांधलेली असते, ती संपेपर्यंत ती बापाच्या तोंडातच राहतात. साधारण महिना-दोन महिने हा प्रकार चालतो. आणि तेवढे दिवस तो बाप उपाशी राहतो. कारण उघड आहे. खायला तोंड उघडायचे तर पोरे बाहेर पडतात, आणि घास गिळायचा तर त्याबरोबर पोर गिळले जायचे.

ही ऐकीव कथा नव्हे, बरं का. फ्रान्सिस डे नावाचे एक इंग्रज डॉक्टर होते. मद्रासकडे ते लष्करी वैद्य म्हणून आले आणि पुढे हिंदुस्थानातल्या माशांचा अभ्यास करण्यात त्यांचे आयुष्य गेले. १८७५ ते १८७८ या काळात त्यांचा हिंदुस्थानातल्या माशांवरचा मोठा ग्रंथ निघाला. सप्टेंबर-ऑक्टोबर महिन्यांत किनाऱ्यावर जाळी टाकली असता, शिंगाळ्यांच्या नरांच्या तोंडात दहा-वीस अंडी सापडली, आणि त्यांची आतडी अगदी रिकामी होती, असे त्यांनी नोंदवून ठेवले आहे. त्यांनी पाहिलेल्या नरांत आपला मघाचा ताठ मिशांचा शिपाईही होता. पुढे आपल्या संशोधकांनी निरनिराळ्या जातींत हेच पुन्हा पुन्हा पाहिले.

तर हिशेब असा झाला. रोहू बाजरीसारखा, आणि शिंगाळा गाईसारखा. गाईला एका वेताला एक वासरू. ती त्याला चाटते, पाजते, राखते. गाईचा गोठा वाढतो, पण सावकाश वाढतो. दुष्काळात एखाद्याने गाभण गाई विकून टाकल्या तर त्या वर्षी हातात पैसे येतील, पण पुढे गोठा रिकामा. बाजरीचे एक पीक बुडाले तर पुढच्या पावसावर ते भरून काढता येते. मोडलेला गोठा एका पावसावर उभा राहत नाही.

आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावर नेमके हेच घडले.

१९७५ च्या सुमारास कर्नाटकाच्या किनाऱ्यावर पर्स-सीन नावाच्या जाळ्यांचा मोठा प्रसार झाला. हे जाळे कसे असते? आजीबाईचा पानसुपारीचा बटवा डोळ्यांसमोर आणा. बटव्याच्या तोंडाला नाडी असते, ती ओढली की तोंड मिटते. हे जाळेही तसेच, फक्त ते शेकडो मीटर लांब असते आणि नाडी खालच्या बाजूला असते. माशांचा थवा दिसला की होडी त्याच्याभोवती जाळ्याचा वेढा घालते, मग खालची दोरी आवळतात आणि अख्खा थवा बटव्यात सापडतो. मूळ हेतू बांगडा आणि तारली यांचे थवे पकडण्याचा. पण शिंगाळेही थव्याने फिरतात, आणि अंडी तोंडात घेतलेले नरही एकत्र असतात. असा एक थवा जाळ्यात आला की हजारो बाप एका वेढ्यात सापडायचे. वर ओढताना ते धडपडत, आणि त्या धडपडीत तोंडातली अंडी आणि पिल्ले बाहेर सांडायची. डेकवर अंड्यांचा सडा पडायचा. कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था, जिची स्थापना १९४७ साली झाली, तिच्या संशोधकांनी १९८० च्या आसपास हे पाहिले, लिहून ठेवले आणि इशारा दिला, की हे असेच चालले तर शिंगाळा संपेल. पुढच्या वर्षांत त्या किनाऱ्यावर शिंगाळ्याची आवक खरोखरच उतरली. एका वेढ्यात चालू साल गेले, आणि पुढची साले पण त्याच वेढ्यात गेली.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. कोळी बांधवांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. जाळे टाकणाऱ्यावर कर्ज असते, डिझेलचा खर्च असतो. जाळ्यात काय येईल हे पाण्यात वाकून दिसत नाही. आपल्याकडेही कांद्याला भाव मिळाला की एका सालात सगळे कांदा लावतात, कोणी कोणाला थांबवू शकत नाही. जे एकट्याला जमत नाही ते सगळ्यांनी मिळून ठरवावे लागते. त्यालाच कायदा म्हणायचे, आणि जुन्या काळी त्यालाच रूढी म्हणत.

आपल्या किनाऱ्यावर रूढी होतीच. पावसाळ्यात होड्या ओढून वर घ्यायच्या, आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिल्याशिवाय पाण्यात जायचे नाही. त्या दिवसांत समुद्र खवळलेला असतो हे एक कारण, आणि कितीतरी मासे त्याच सुमारास अंडी घालतात हे दुसरे. महाराष्ट्राने १९८१ साली सागरी मासेमारीचे नियमन करणारा कायदा केला. २०१६ साली राज्य शासनाने पर्स-सीन जाळ्यांवर कडक बंधने घातली, आणि २०२१ साली कायद्यात दुरुस्ती करून दंड वाढवला. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळी बंदी २०१५ पासून ६१ दिवसांची झाली, १ जून ते ३१ जुलै.

आता शिक्षक मित्रांनी फळ्यावर हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहावेत. बंदी उठते ३१ जुलैला. आणि डे साहेबांना नरांच्या तोंडात अंडी सापडली ती सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे भाद्रपद-आश्विनात. आले ना ध्यानात? जून-जुलैची बंदी पुष्कळ माशांच्या कामाची आहे, पण या उपाशी बापाच्या फारशी कामाची नाही. त्याची जोखमीची वेळ बंदी उठल्यावर येते. म्हणून शिंगाळ्यासाठी नुसता दिवसांचा नियम पुरा पडत नाही. त्या महिन्यांत शिंगाळ्याच्या थव्याला वेढा न घालणे, आणि चुकून तोंडात अंडी असलेला नर जाळ्यात आलाच तर जिवंत आहे तोवर पाण्यात सोडणे, हेच खरे उपाय. हे ज्याच्या त्याच्या समजुतीवर आहे, आणि समज ही शाळेतून आणि बाजारातून येते.

बाजारातून कशी, ते सांगतो. गिऱ्हाईक मागते तसे जाळे पडते. शिंगाळा ताजा विकतात, तसा खारवून, सुकवूनही विकतात. आपल्या आठवड्याच्या बाजारात सुकट, बोंबील येतात, त्यांच्या शेजारी कधी सुका मासाही असतो. शहरात गेलात आणि ताजा मासा घेतलात, तर पितृपक्षानंतरच्या दिवसांत तोंड फुगलेला, गाभोळी तोंडात असलेला शिंगाळा कोणी कौतुकाने दाखवील. तो घेऊ नका, आणि का घेत नाही ते विक्रेत्याला दोन शब्दांत सांगा. कोणतीही मासळी विकणारी मावशी असले बोलणे विसरत नाही.

शिंगाळ्याच्या गोतावळ्यात दुसऱ्या बाजूचे उदाहरणही आहे, ते सांगितले नाही तर चित्र अर्धे राहील. खाडीत शिंगटीच्या जातीचा एक लहान मासा राहतो. बंगालात त्याला नोना टेंगरा म्हणतात. नोना म्हणजे खारा. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेच्या माशांवरच्या आपल्या पुस्तकात त्याचे वर्णन केले. हा मासा आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या खाड्यांतही आहे. दिसायला शिंगाळ्याचा चुलतभाऊ, पण संसाराची रीत वेगळी. हा अंडी हजारोंनी घालतो, ती चिकट असतात, आणि तोंडात धरून बसत नाही. म्हणून त्याची पैदास माणसाच्या हाताखाली करता येते. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने, जी १९८७ साली सुरू झाली, बंगालमधल्या काकद्वीप इथल्या आपल्या केंद्रात याचे बीज तयार करण्याची रीत बसवली, आणि तिथले शेतकरी तळ्यात हा मासा वाढवू लागले. तात्पर्य काय? सगळ्या मिशीवाल्या माशांना एकच नियम लावून चालत नाही. ज्याची अंडी हजारो, त्याचे बीज करून तळी भरता येतात. ज्याची अंडी वीस-पंचवीस आणि तीही बापाच्या तोंडात, त्याला राखावाच लागतो. माशाची अंडी किती, ती कधी आणि कुठे, हे पाहिल्याशिवाय जाळ्याचा नियम ठरवू नये.

हेच सूत्र घेऊन आता परत गिरणेवर येऊ. तापीच्या खोऱ्यात गोड्या पाण्यातलाही एक मोठा शिंगाळा आहे. कुणी त्याला शिंगाडा म्हणतात. तो तोंडात अंडी धरत नाही, पण बापपण त्याच्याही वाट्याला आले आहे. तळाच्या मातीत खळगा करून त्यात अंडी घातली जातात, आणि नर ती राखत बसतो. धरणाचे पाणी उतरू लागले की काठाजवळचे असे खळगे उथळ पाण्यात येतात, आणि तिथे उभे राहून भाला मारणे किंवा बारीक जाळे ओढणे अगदी सोपे असते. सोपे असते म्हणूनच ते करू नये. राखणीला बसलेला नर पळत नाही. त्याच्या त्या गुणाचाच आपण फायदा घेतो, आणि खळग्यातली अंडी मग दुसऱ्यांच्या पोटात जातात.

आपल्या हातात काय आहे, ते थोडक्यात सांगतो. धरणावर आणि पाझर तलावावर मासे धरणाऱ्या सहकारी संस्थांनी जाळ्याचे आस बारीक ठेवू नये. वीतभर पिल्लू आज चार आण्यांचे असते, वर्षाने त्याचे मोल रुपयांत होते. पहिल्या पुराच्या वेळी ओढ्यात चढणीला निघालेले मासे अडवून मारण्याची जी हौस असते, ती आवरावी. ते अंडी घालायलाच निघालेले असतात. फवारणीचा पंप नाल्यात, ओढ्यात धुऊ नये. औषधाचे धुवण माशांच्या पिल्लांना आधी मारते आणि तेच पाणी पुढे गुरे पितात. आणि सुरुंगाची दारू किंवा विषारी पाला टाकून मासे मारणे तर कुणी मनातही आणू नये. त्यात लहान-मोठा, गाभण-वांझ असा भेद उरतच नाही.

एक व्यवहाराची सूचना. शिंगाळा असो की आपली शिंगटी, हाताळताना जपा. त्याचे काटे करवतीसारखे दातेरी असतात, आणि मासा चिडला की ते ताठ उभे करून कुलूप लावल्यासारखे घट्ट धरतो. काटा रुतला तर ठणका फार बसतो, कारण काट्याच्या कातडीत विषारी रस असतो. अशा वेळी जखम धुऊन तो हात किंवा पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते एक तास बुडवून ठेवा. पाणी किती गरम आहे ते दुखऱ्या हाताने नव्हे, चांगल्या हाताने पाहा, नाहीतर काट्यापेक्षा भाजण्याचेच दुखणे मोठे व्हायचे. त्या उष्णतेने विषाचा जोर उतरतो. काट्याचा तुकडा आत राहिला असेल, सूज चढत असेल, तर दवाखान्यात जा आणि धनुर्वाताची सुई टोचून घ्या. जखमेवर चुना, हळद, तंबाखू असले काही थापू नका.

शिक्षक मित्रांसाठी शेवटचे दोन शब्द. आपली मुले समुद्र न पाहता मोठी होतात, यात कमीपणा काही नाही. पण आपल्या गावचे पाणी कुठे जाते हे त्यांना ठाऊक असावे. वर्गात एक तक्ता करा. पहिल्या रकान्यात माशाचे नाव, दुसऱ्यात तो अंडी किती घालतो, तिसऱ्यात कधी घालतो, चौथ्यात अंड्यांची राखण कोण करतो. गावातले जुने भोई, धरणावर जाळी टाकणारे, यांना एक दिवस शाळेत बोलवा आणि मुलांना त्यांना विचारू द्या. पुस्तकात नसलेल्या कितीतरी गोष्टी त्यांच्याकडे असतात. तक्ता पुरा भरला नाही तरी चालेल. रिकाम्या चौकटीसुद्धा मुलांना काही शिकवतात, की अजून पाहायचे बाकी आहे.

शेतकऱ्याला बियाण्याचे महत्त्व दुसऱ्याने सांगावे लागत नाही. घरात पोरे उपाशी असली तरी बियाण्याच्या कणगीला हात लावायचा नाही, ही आपल्या वाडवडिलांची शिस्त. दुष्काळात माणसांनी ती पाळली म्हणून पुढच्या साली शेते हिरवी झाली. खाडीतला तो ताठ मिशांचा शिंगाळा दुसरे काय करतो? बियाणे तोंडात आहे, पोट रिकामे आहे, आणि तरी गिळत नाही. त्याने आपल्या परीने शिस्त पाळली आहे. आपण आपली पाळावी, इतकेच.